वांगं गेलं, मिरची आली: युरोपचं आणि खान्देशाचं स्वयंपाकघर



व्याख्यानासाठी विषय विचारला गेला तेव्हा आम्ही म्हणालो, "भरीत." पलीकडून उत्तर आलं, "सर, ते कार्यक्रम झाल्यावर आहेच. विषय कोणता?" तेव्हा खुलासा करावा लागला की विषयच तो आहे. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं शिरपूरच्या लोकांसमोर स्वयंपाकाच्या इतिहासावर बोलायचं, म्हणजे पाणक्यानं तापीला पाणी दाखवण्यासारखं आहे. समोर बसलेल्या निम्म्या लोकांना या विषयातलं आमच्यापेक्षा जास्त कळतं. तरीही बोलतो आहोत, कारण एक जुनी चूक कबूल करायची आहे.

प्लेटोचा 'गॉर्जियस' नावाचा संवाद आहे. त्यात सॉक्रेटिस म्हणतो की स्वयंपाक ही कला नव्हे, नुसती सरावानं आलेली हातोटी आहे. वैद्याला आपल्या उपचाराचं कारण सांगता येतं. स्वयंपाक्याला मात्र आपण असं का करतो हे सांगता येत नाही, तो फक्त जिभेची खुशामत करतो. ज्याचं कारण सांगता येत नाही त्याला ज्ञान म्हणायचं नाही, असा एकूण रोख. हा भाग आम्ही तीसेक वर्षं वर्गात शिकवला, त्याच्यावर प्रश्न काढले, उत्तरपत्रिका तपासल्या. आणि रोज संध्याकाळी घरी येऊन आईच्या हातची कळण्याची भाकरी खाल्ली. एकदाही मनात आलं नाही की सॉक्रेटिसनं आमच्या आईबद्दल काहीतरी म्हटलं आहे आणि आपण त्याला मान डोलावतो आहोत.

आपल्याकडं तसं नव्हतं, असं कुणी म्हणेल. चौसष्ट कलांच्या यादीत पाककला आहेच. खरं आहे. पण स्वयंपाकी म्हणून आपल्या परंपरेनं नावं कुणाची लक्षात ठेवली? नळाची आणि भीमाची. दोघेही पुरुष, दोघेही राजघराण्यातले, आणि दोघेही अडचणीत सापडल्यावर स्वयंपाकी झालेले. रोज चुलीपुढं बसणाऱ्या बाईचं नाव ना अथेन्सनं नोंदवलं ना आपण. तेव्हा आज युरोपच्या नि आपल्या स्वयंपाकघराची थोडी तुलना करू आणि या हातोटीचं काय करायचं ते बघू.

सुरुवात वांग्यापासून.

थंडी पडली की आपल्याकडं भरताच्या पार्ट्या सुरू होतात. शेतात पऱ्हाट्यांचा जाळ, त्यात बामणोदची किंवा आसोद्याची पांढरट-हिरवी, हातभर वांगी. साल काळी पडली की सोलायची, लाकडाच्या खोल भांड्यात ठेचायची. मग तेलात हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, पातीचा कांदा, कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. टोमॅटो घातला की जुनी माणसं ताट सरकवतात. हे आपलं, अस्सल, खान्देशी. बरोबर?

वांगं आपलंच. भारतात आणि त्याच्या पूर्वेकडच्या मुलखात ते हजारो वर्षं पिकतं. संस्कृतात त्याचं एक नाव वातिंगण. आपलं 'वांगं' त्याच कुळातलं. हा शब्द फळाबरोबर पश्चिमेला निघाला. इराणात तो बादिंगान झाला, अरबस्तानात बादिंजान. अरबांनी वांगं स्पेनमध्ये नेलं, तिथं त्याला बेरेंखेना म्हणू लागले, पोर्तुगालमध्ये बेरिंजेला. फ्रेंचांनी कॅटलन भाषेतल्या रूपावरून 'ओबर्जिन' केलं. इटलीत 'मेलांझाना' झालं, आणि लोकांनी त्याचा अर्थ लावला 'वेडं फळ', कारण ते खाल्लं की माणूस खुळावतो अशी समजूत होती. पुढं पोर्तुगीज हिंदुस्थानात आले ते आपला बेरिंजेला शब्द घेऊन. त्यावरून इथल्या इंग्रजांनी 'ब्रिंजल' केलं. शाळेत आम्ही छड्या खात 'ब्रिंजल म्हणजे वांगे' पाठ केलं. इंग्लंडात आजही बाजारात 'ओबर्जिन'च म्हणतात. म्हणजे आपलाच शब्द अर्धं जग फिरून आला आणि आपण तो इंग्रजी म्हणून घोकला.

आता त्याच भरीतातली मिरची घ्या. १४९२मध्ये कोलंबस अमेरिकेला पोचला, १४९८मध्ये वास्को द गामा कालिकतला, १५१०मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला. या रस्त्यानं मिरची आली. त्याआधी आपल्याकडं तिखटपणा मिरीचा, पिंपळीचा, आल्याचा. 'मिरची' हे नावच 'मिरी'वरून पडलेलं आहे, नव्या पाहुणीला जुन्या बाईचं नाव दिलं. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिकडच्याच अँडीज डोंगरातला, आणि 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीज. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा मूळचा ब्राझीलच्या बाजूचा. तमिळनाडूत सेलमकडं त्याचे कारखाने १९४०च्या दशकात निघाले. तेव्हा एकादशीला आपण साबुदाण्याची खिचडी करतो, त्यात बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची घालतो, तो सगळा फराळ अमेरिकेचा. पांडुरंगाला चालतो. आपल्यालाही चालावा.

ही गोष्ट ऐकून काही जणांना वाईट वाटतं. मग आपलं असं काय उरलं? हा प्रश्न युरोपातही पडतो. टोमॅटोशिवाय इटलीचं जेवण आपल्याला सुचत नाही. पण टोमॅटो अमेरिकेतून आला आणि इटलीत तो छापील पाककृतीत पहिल्यांदा दिसतो सतराव्या शतकाच्या अखेरीला, तोही 'स्पॅनिश पद्धतीची चटणी' म्हणून. हंगेरीचा पाप्रिका म्हणजे आपल्याच मिरचीची सौम्य बहीण, ती त्यांच्याकडं तुर्कांच्या राज्यात पोचली. आज सेगेद आणि कालोचा या गावांची ओळख तिच्यावर आहे. सेगेदच्या विद्यापीठात सेंट-ग्यॉर्गी नावाच्या शास्त्रज्ञानं तिथल्याच पाप्रिकातून क जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात वेगळं केलं, १९३७मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हंगेरियन माणसाला सांगा की तुझी मिरची परकी आहे. तो हसेल आणि रस्सा पुढं करेल.

मुळाचा शोध फार ताणला की काय होतं तेही इतिहासात आहे. स्पेनमध्ये धर्मन्यायालयाचे लोक शेजाऱ्यांना विचारत की अमक्याच्या घरी चरबीऐवजी तेलात शिजवतात का, शनिवारसाठी आदल्या दिवशीच भांडं चढवतात का. त्यावरून हा मनानं अजून ज्यू आहे की काय ते ठरे. वांगंसुद्धा तिथं मूर आणि ज्यू लोकांचं खाणं म्हणून संशयात होतं. गोव्यात हे न्यायालय १५६०मध्ये आलं. १७३६च्या हुकुमात ज्या चालीरीतींवर बंदी घातली, त्यात हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवणं हेही होतं. भातात मीठ कधी घातलं यावरून माणसाचा धर्म तपासायचा! दुसऱ्याच्या ताटात डोकावण्याची ही सवय कुठल्याच काळात पूर्ण जात नाही, एवढं म्हणून पुढं जातो.

तेव्हा पदार्थ कुठून आला हा प्रश्न मजेचा आहे, पण पदार्थ आपला का हे त्यातून कळत नाही. त्यासाठी दुसरं काहीतरी बघावं लागतं. इथं दोन उदाहरणं घेऊ, एक उत्तर इटलीचं, एक गोव्याचं.

मका अमेरिकेतून युरोपात आला. उत्तर इटलीत तो इतका पिकू लागला की गरीब शेतमजुरांचं जेवण म्हणजे पोलेंता, मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा. सकाळी तो, संध्याकाळी तो. अठराव्या शतकात या लोकांत एक रोग पसरला. कातडी खरखरीत होऊन फाटायची, जुलाब लागायचे, शेवटी बुद्धिभ्रंश. नाव पडलं पेलाग्रा, म्हणजे खरबरीत कातडी. कित्येकांना वाटलं मका विषारी आहे. पण मेक्सिकोतले लोक हजारो वर्षं मका खात होते, त्यांना हा रोग होत नव्हता. का? तिथल्या बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून, मग वाटतात. त्या चुन्यामुळं मक्यातलं एक बांधलेलं जीवनसत्त्व, नायसिन, मोकळं होतं आणि अंगी लागतं. त्या बायकांना नायसिन हा शब्द माहीत नव्हता. सॉक्रेटिसच्या परीक्षेत त्या नापास झाल्या असत्या. युरोपच्या जहाजांनी मक्याचं बी नेलं, पण पाट्यावर बसलेल्या बाईला काही विचारलं नाही. बी पोचलं, कसब मागंच राहिलं, आणि त्याची किंमत दीडशे-दोनशे वर्षं गरिबांनी मोजली.

गोव्यात याच्या उलट झालं. पोर्तुगिजांना पाव येत होता, पण हातात त्यांच्याकडचं आंबवण नव्हतं. मग माडाची सूर वापरून पीठ आंबवलं. पाव हा शब्द त्यांचा, पाववाल्याला पोदेर म्हणतात तोही शब्द त्यांचा, आंबवण मात्र कोकणच्या माडाचं. तसंच विंदालूचं. मूळ पदार्थ म्हणजे मद्य आणि लसूण यांत मुरवलेलं मांस. 'विन्या द आल्यूश' असं काहीसं नाव. गोव्यात द्राक्षांच्या मद्याऐवजी माडाचा शिरका आला, लाल मिरची आली, मसाला आला. आता विंदालूत 'आलू' ऐकून लोक बटाटे घालतात, ते वेगळंच. इथं सामान मागं राहिलं, पण कसब हातांबरोबर आलं. नव्या जमिनीनं जे दिलं त्यावर ते उभं राहिलं आणि एक नवीन प्रादेशिक पदार्थ जन्माला आला.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या तर आमचं आजचं म्हणणं निघतं. बी जहाजातून, पोत्यातून, वाऱ्यावरून कुठंही जातं. कसब जायचं असेल तर माणसाला माणसाशेजारी बसावं लागतं. एखाद्या मुलखाचा स्वयंपाक म्हणजे मुख्यतः तिथलं सामान नव्हे, तर त्या सामानाशी कसं वागायचं याचं हातातून हातात आलेलं ज्ञान. सामान परकं असलं तरी चालतं. ज्ञान तुटलं की मुलुख तुटला.

हे आम्हाला पुस्तकातून उशिरा कळलं. डोळ्यांनी पाहिलं होतं बावीस-तेवीस वर्षांचे असताना, बहात्तरच्या दुष्काळात.

समोर बसलेल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. १९७२. विहिरी तळाला गेलेल्या, गुरं विकलेली, लोक खडी फोडायला कामावर. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर मिलो, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. आता गंमत बघा, आपली दादर ज्वारीसुद्धा मूळची आफ्रिकेची, अभ्यासकांच्या मते ती चारेक हजार वर्षांपूर्वी इकडं आली. म्हणजे मिलो ही आमच्या दादरीची अमेरिका फिरून आलेली चुलत बहीणच. पण तेव्हा तसं कुणाला वाटलं नाही. ती लाल भाकरी खायची लाज वाटायची. पाहुणा आला की टोपल्यावर फडकं ओढलं जायचं.

आणि ती भाकरी होतच नव्हती. पीठ चिकटपणा धरेना. थापायला घेतली की कडा फाटायच्या, तव्यावर टाकताना मधून तुटायची. घरोघरी बायका रडकुंडीला आलेल्या. सरकारनं धान्य पाठवलं होतं, भाकरी कशी करायची ते कोण पाठवणार?

आमच्या आईनं, आम्ही तिला माय म्हणायचो, दोन दिवस ते पीठ नुसतं हातात घेऊन चोळलं. तिसऱ्या दिवशी पाण्याला उकळी आणून त्यात पीठ टाकलं, झाकून ठेवलं, कोमट असताना मळलं. भाकरी थोडी धरली. मग तिनं कोपऱ्यातलं मडकं काढलं. त्यात पेरणीसाठी राखलेले उडीद होते. त्यातले मूठभर मिलोबरोबर दळले. आपल्याकडं ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून कळणा करतात, आमच्या घरी चाराला एक असं माप असे. मायनं मिलोचा कळणा केला. भाकरी अखंड उतरली.

बाबा संध्याकाळी आले आणि मडकं उघडं पाहून संतापले. बियाणं खाल्लं तर पेरायचं काय? त्या दिवशी घरात मोठा आवाज झाला. मायनं मान वर न करता एवढंच म्हटलं, "पेरनारा जगाले पाहिजे ना." रोज एक मूठ, एवढाच नेम तिनं ठेवला. मडक्याच्या तळाशी जे राहिलं ते पुढच्या पावसात पेरलं. चार दिवसांत गल्लीतल्या बायका परात घेऊन आमच्या ओट्यावर. कुणी विचारी, "पानी कितलं टाकानं?" मायचं उत्तर ठरलेलं, "पीठ मांगी तितलं."

पीठ मागेल तितकं. तेव्हा आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी होतो, तापीपलीकडं अमळनेरला १९१६ साली निघालेल्या तत्त्वज्ञान मंदिराच्या गोष्टी ऐकून भारावलेले. हे उत्तर ऐकून हसलो होतो. हे काय माप झालं?

बऱ्याच वर्षांनी एक वैद्यकीय लेख वाचण्यात आला. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतले डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६०मध्ये दाखवलं होतं की पेलाग्रा फक्त मका खाणाऱ्यांत नाही, तर दख्खनमध्ये जवळजवळ निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या मजुरांतही दिसतो. इटलीचा रोग आमच्या दारात होता. तो लेख वाचताना आम्हाला कळण्याची आठवण झाली. उडदानं पेलाग्रा टळतो असा दावा आम्ही करत नाही, आम्ही डॉक्टर नाही. पण निव्वळ ज्वारी खाऊ नये, तिच्यात डाळ असावी, हे शहाणपण आमच्या बायकांनी पिठातच दळून ठेवलं होतं. मेक्सिकोचा चुना आणि खान्देशाचा उडीद, दोन्ही एकाच जातीचं ज्ञान. कारण विचाराल तर दोघी म्हणतील, असंच करतात.

गिल्बर्ट राईल नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञानं १९४९च्या आपल्या पुस्तकात एक फरक केला. 'अमुक असं आहे' हे माहीत असणं वेगळं आणि 'अमुक कसं करायचं' हे येणं वेगळं. दुसरं हे पहिल्याचं गरीब भावंड नाही, ते स्वतंत्र ज्ञान आहे. पोहायला येणाऱ्याला पाण्याचं शास्त्र सांगता आलं नाही म्हणून तो बुडत नाही. हा मुद्दाही आम्ही शिकवला, पोहण्याचं आणि सायकलचं उदाहरण देऊन. पिठाचं उदाहरण दिलं नाही.

एकदा एका परिषदेच्या निमित्तानं रुमानियाला जाणं झालं. यजमानांच्या घरी जेवायला बसलो. त्या घरच्या आजींनी वांगी थेट जाळावर भाजली, सोलली, निथळत ठेवली आणि लाकडाच्या सुरीनं कुटून कुटून बारीक केली. लोखंडाची सुरी लावली की वांगं काळं पडतं, असं त्यांनी नातवाकडून आम्हाला सांगवलं. मग कांदा, मीठ, सूर्यफुलाचं तेल. मिरची नाही. पहिला घास घेतला आणि मंडळी, खोटं सांगत नाही, डोळ्यांत पाणी आलं. बिनमिरचीचं भरीत! आमच्याकडंही लाकडाच्याच भांड्यात ठेचतात असं सांगितलं तेव्हा आजींनी मान हलवली, जणू त्यात नवल ते काय. वांगं तुर्कांच्या वाटेनं त्यांच्याकडं गेलं असेल, पण त्या दिवशी आमचं नातं वांग्याशी नव्हतं जुळलं, त्या लाकडाच्या सुरीशी जुळलं.

आता आजचा मुद्दा. प्रादेशिक स्वयंपाक टिकवायचा म्हणजे काय टिकवायचं?

इटली एक देश झाला १८६१मध्ये. तीस वर्षांनी, १८९१मध्ये, पेलेग्रीनो आर्तुसी नावाच्या निवृत्त व्यापाऱ्यानं पदरच्या पैशानं पाककृतींचं पुस्तक छापलं. पहिल्या आवृत्तीत ४७५ कृती. पुढं देशभरातून पत्रं येत गेली, आमच्याकडं असं करतात, तुम्ही लिहिलंय ते चूक आहे, आणि कृती ७९० झाल्या. वेगवेगळ्या प्रांतांचं मिळून एक इटालियन जेवण त्या पुस्तकानं घडवलं. आम्हाला त्यातली आवडणारी गोष्ट वेगळी आहे. आर्तुसी स्वतः फारसे चुलीपुढं नसत, कृती करून बघायचे त्यांचे दोन सेवक, एक स्वयंपाकी आणि मारिएत्ता नावाची बाई. मरताना आर्तुसींनी पुस्तकाचे हक्क या दोघांच्या नावे केले. आपल्याकडं १८७५मध्ये 'सूपशास्त्र' निघालं, १९१०मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र', १९७०मध्ये कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा', जे घराघरांत गेलं. मोठी कामं आहेत. पण आमच्या मायला यातलं एकही वाचता आलं नसतं, आणि तिला येत होतं ते यांतल्या कुणी तिला विचारलं नाही.

मग कायदे आले. फ्रान्सनं १९३५मध्ये द्राक्षमद्यांसाठी गावाच्या नावाला संरक्षण दिलं, १९९२मध्ये युरोपीय समुदायानं इतर खाद्यपदार्थांनाही. आपल्याकडं २०१६मध्ये जळगावच्या भरीताच्या वांग्याला आणि केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदाची गोष्ट आहे, शेतकऱ्याला भाव मिळावा. पण नीट बघा, संरक्षण वांग्याला आहे. ठेचणाऱ्या हाताला नाही. उलट २०१७मध्ये युनेस्कोनं नेपल्सची नोंद केली ती पिझ्झा या वस्तूची नव्हे, तर पिझ्झा करणाऱ्या कारागिरांच्या कलेची. पीठ हातावर फिरवून ताणायचं, लाकडाच्या भट्टीत लावायचं, हे गुरूकडून शिष्याकडं जातं त्याची ती नोंद.

हातावर पीठ ताणणं म्हटल्यावर तुम्हाला काय आठवलं ते आम्हाला माहीत आहे. मांडे! बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मंडकांचं वर्णन आहे. मुक्ताईला मांडे खावेसे वाटले, कुणी खापर मिळू दिलं नाही आणि ज्ञानोबांनी पाठ तापवून दिली, ही आख्यायिका आपण सगळे सांगतो, आणि मुक्ताईची समाधी आपल्याच खान्देशात. वस्त्रगाळ कणीक, तासभर आपटून तार सुटेपर्यंत मळलेली. पुरण भरून लाटायची नाही, दोन्ही हातांवर फिरवत फिरवत वाढवायची, कोपरापर्यंत गेली की उपड्या खापरावर झोकून द्यायची. न फाटता. आखाजीला आमच्या घरी सासरहून बहिणी यायच्या, आमरस आणि मांडे. माय पहाटेपासून चुलीपुढं.

मायनं आम्हाला एकदा म्हटलं होतं, हात चालतात तोवर कुणीतरी शिकून घ्या. आम्ही म्हणालो, "कशाला त्रास घेतेस, आता विकत मिळतात." प्रेमानंच म्हणालो. ती पुन्हा बोलली नाही. पत्नीनं थोडं शिकून घेतलं, पण मांडा मोठा होता होता फाटायचा, आणि तिलाही नोकरी होती. माय गेल्यावर खापर माळ्यावर गेलं. एका दिवाळीच्या साफसफाईत आमच्याच हातून ते निसटलं. नातीनं तुकडे गोळा करताना विचारलं, "आजोबा, हे कशाचं भांडं होतं?" आम्ही तिला सगळं वर्णन करून सांगितलं. तिला कळलंही असेल. पण वर्णनाचा मांडा होत नाही. मनातले मांडे म्हणतात ते हेच.

आता कुणी समजेल की आम्ही मुलींना पुन्हा चुलीपुढं बसा असं सांगतोय. मुळीच नाही. त्या धुरानं मायचे डोळे गेले होते हे आम्ही विसरलेलो नाही. ज्या पोरींनी हे सोडलं त्यांनी शहाणपणच केलं. दोष आमच्यासारख्यांचा आहे. आम्ही त्या कामाला प्रेम म्हणालो, त्याग म्हणालो, चव म्हणालो, पण ज्ञान म्हणालो नाही. ज्ञान म्हटलं असतं तर त्याची शाळा काढली असती, मोबदला दिला असता, मुलांनाही शेजारी बसवलं असतं. नेपल्सचा पिझ्झावाला मानानं कमावतो. आज आपल्या भागात मागणीप्रमाणं मांडे करून देणाऱ्या बाया आहेत. त्यांच्याशी दोन रुपयांवरून घासाघीस करताना आपण प्लेटोचीच बाजू घेत असतो.

तेव्हा एवढंच मागणं आहे. आज घरी गेल्यावर आई, आजी, काकू, सासू, जी कोणी असेल तिला एक गोष्ट विचारा, तिला येते आणि तुम्हाला येत नाही अशी. मोबाइलवर छायाचित्रण करा, वहीत लिहा, सगळं करा. पण तुम्ही विचाराल पाणी किती, आणि ती म्हणेल "पीठ मांगी तितलं," तेव्हा हसू नका. बाह्या सरसावा आणि परातीत हात घाला. मुलांनोही. पीठ काय मागतं ते बोटांनाच ऐकू येतं, आणि ते ऐकायला शिकवणारी माणसं आता मोजकी आहेत.

मागून भरीताचा वास यायला लागला आहे, म्हणजे आमचं वजन आता संपलं. ज्यांनी ते ठेचलं आहे त्यांना आज पहिल्या पंगतीत बसवू, आणि वाढायला आम्ही उभे राहू.